सातपुड्याचा उन्हाळा आणि अमेरिकेची बाटली

एप्रिल महिन्याच्या ऐन दुपारी नंदुरबारच्या एस.टी. स्थानकावर जो कोणी उतरेल, त्याला दोन प्रकारची न्याहारी शेजारीशेजारी दिसेल. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या गाडीची वाट पाहत सावली धरून बसलेले एखादे कुटुंब फडके सोडते; त्यातून मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, शेंगदाणे घातलेला मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा निघतो. चार पावलांवर टपरी असते. तिच्यावर पाच-पाच रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात आणि शीतपेटीत काळ्या-पिवळ्या पेयांच्या बाटल्या घाम गाळीत उभ्या असतात. कुटुंबातील पोरांचे डोळे कोणत्या बाजूला लागलेले असतात हे सांगण्याची गरज नाही.

या दृश्यावरून चटकन एक निष्कर्ष काढला जातो : भाकरी आपली, बाटली परक्यांची, भाकरी देशी, बाटली अमेरिकन. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचाही आहे. त्या फडक्यातील मका अमेरिका खंडातला, मिरची अमेरिका खंडातली, भुईमूगही तिथलाच. कोलंबसाच्या सफरीपूर्वी यांपैकी एकही पीक सातपुड्याने पाहिलेले नव्हते. तेव्हा खरा प्रश्न देशी विरुद्ध परदेशी असा नाहीच. अमेरिकेतून दोन वेळा अन्न आले. एकदा ते बियाणे म्हणून आले, एकदा सीलबंद होऊन आले. या दोन येण्यांत जो फरक आहे, तोच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पोर्तुगीज गलबतांतून सोळाव्या शतकात ही पिके पश्चिम किनाऱ्याला लागली. पुढे ती कोणत्या वाटेने डोंगरात चढली याची नोंद कुणी ठेवलेली नाही, कारण ती नेणारे लोक नोंदी ठेवणारे नव्हते. पण पोहोचल्यावर काय झाले ते आजही पाहता येते. पावरा आणि भिल्ल घरांत मक्याची निवडक कणसे धुराच्या वर टांगून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. पुढच्या मृगाला तीच पेरतात. एका पाड्याचा मका दुसऱ्या पाड्याच्या मक्यासारखा दिसत नाही, कोणता पांढरा, कोणता पिवळा, कोणता लालसर. धडगावच्या परिसरात मका आणि ज्वारीची अशी स्थानिक वाणे जपण्याचे संघटित प्रयत्न झाले, ते या बायकांच्या ज्ञानावरच उभे राहिले. मिरचीची कथा थोडी वेगळी आहे. ती बाजाराची झाली. नंदुरबार हे मिरचीचे मोठे व्यापारी केंद्र बनले. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर हिवाळ्यात लाल मिरच्यांची जाजमे पसरतात आणि त्यांवर वाकून देठ खुडणाऱ्या बायका दिवसभर ठसक्यात आणि जळजळीत काम करतात. तरीही मिरचीचे बी कुणाही बाईला ओच्यात बांधून नेता येते, परसात टाकता येते. ज्या अन्नाचे बी हातात राहते, ते अन्न कितीही दूरचे असले तरी चार पिढ्यांत घरचे होते.

आता उन्हाळ्याकडे वळू. पारा चाळिशीच्या वर गेला की खानदेशात माणसाच्या भुकेचे स्वरूप पालटते. जड अन्न नकोसे होते, पाणी पुरत नाही, आणि काम तर सोडता येत नाही. या अडचणीतून श्रमणाऱ्या माणसाने जी युक्ती काढली ती म्हणजे आंबील. ज्वारीचे पीठ ताकात, आणि ताक नसेल तर नुसत्या पाण्यात, रात्री कालवून ठेवायचे. सकाळी ते आंबते. मग मीठ-लसूण घालून शिजवायचे आणि गार करून प्यायचे. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ भरून काढणारे, पोटाला आधार देणारे आणि उन्हात लवकर न विटणारे हे पेय आहे. त्याला चूल एकदाच लागते आणि खाणाऱ्याला दोन मिनिटे लागतात. झटपट अन्न ही कल्पना जर कुणाला अमेरिकेची देणगी वाटत असेल, तर त्याने एकदा शेताच्या बांधावर आंबिलीचे गाडगे रिकामे होताना पाहावे.

याच दिवसांत डोंगरात मोह फुलतो. झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून काढतात. रात्रभर टपटप फुले गळतात, आणि सूर्य वर येण्यापूर्वी बायका-पोरे टोपल्या भरतात. ताजे फूल गोड. वाळवलेले फूल भाजून, कुटून, तिळात मिसळून किंवा कडधान्याबरोबर शिजवून खातात. पावसाळ्याच्या तोंडी कणगी खाली होते तेव्हा हेच फूल उपासमारीच्या आड उभे राहते. नंतर बिया गोळा होतात, त्यांचे तेल निघते. पण शहाण्यासुरत्या लोकांना मोह म्हटला की फक्त दारू आठवते, आणि सरकारलाही तीच आठवली. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. हे गरिबांचे अन्न आहे हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली फुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर बंधने आली, ती महाराष्ट्रात उठायला २०२१ साल उजाडावे लागले. इतकी वर्षे आपल्या झाडाखालचे अन्न वेचणारी बाई कायद्याच्या नजरेत संशयित होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारूने आदिवासी संसार उद्ध्वस्त केले हे खरेच आहे आणि ते सर्वांत आधी आदिवासी स्त्रियांनीच सांगितले. १९७२ नंतर शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत बायका गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. पण त्यांनी मडकी फोडली, मोहाची झाडे तोडली नाहीत. अन्न आणि व्यसन यांतील सीमारेषा त्या निरक्षर बायकांना जितकी नेमकी कळली, तितकी सचिवालयाला कळली नाही.

त्याच चळवळीच्या मुळाशी सालदाराचा प्रश्न होता, आणि सालदाराचा प्रश्न हा मोठ्या अंशी भाकरीचाच प्रश्न होता. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला बदलते. माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, घरोघरी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला वर्षभराच्या राबणुकीचा सौदा ठरतो : इतके रोख, इतके धान्य. आखाजीच्या ताटाचे वर्णन करणारे लेख दर वर्षी छापून येतात. सौद्याचे वर्णन क्वचितच येते.

ज्यांना सालदारकीही मिळत नाही, ते पावसाळा संपला की दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. बारडोलीच्या टापूतील सहकारी साखर कारखान्यांसाठी तोड करणाऱ्या या खानदेशी मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात केला. मजुरांना हंगामात खाण्यापुरती ज्वारी मिळे आणि तिची किंमत अखेरच्या हिशेबातून वळती होई. हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो. फडात राहणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधारात दोन्ही वेळच्या भाकरी थापून कोयत्याला हात घालावा लागतो. आंबीलीसाठी पीठ भिजवायला रात्र हवी, गाडगे हवे, ताक हवे तर गुरे हवीत. स्थलांतरित कुटुंबाजवळ यांतले काहीच नसते. बाटली आणि पुडी नेमकी या पोकळीत शिरते, हे ध्यानात घ्यायला हवे. चटकदार जाहिराती हे दुय्यम कारण आहे. ज्या माणसाचा वेळ आणि चूल दोन्ही हिरावले गेले आहेत, त्याला तयार अन्न विकत घ्यावेच लागते.

अमेरिकेत नेमके हेच आधी घडले. खानदेश आणि अमेरिकेचा दक्षिण भाग यांचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ऊन, कापूस आणि राबणारे हात ही दोन्हीकडची समान सामग्री. त्या उष्ण प्रदेशातील गरिबांनीही आपले उन्हाळी आणि चालता-बोलता खाण्याचे अन्न स्वतःच घडविले होते. मिसिसिपीच्या सखल प्रदेशातील कृष्णवर्णीय शेतमजूर मक्याच्या पिठात मांसाचे सारण भरून ते कणसाच्या सालींत गुंडाळीत आणि उकडीत. त्याला ते टमाले म्हणतात, आणि मूळची ही रीत मेक्सिकोची. जॉर्जिया आणि कॅरोलिना या राज्यांत उन्हाळ्यात हिरव्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून रस्त्याच्या कडेला विकतात. दक्षिण कॅरोलिनाने तर २००६ साली त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरविले. खानदेशातील माणसाला यात नवल वाटणार नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये किसलेल्या बर्फावर गोड रंगीत पाक ओतून देणारी दुकाने आहेत. आपल्या जत्रेतील गोळेवाला तिथे गेला तर पहिल्या दिवशी धंद्याला लागेल.

बर्फाचाच विषय निघाला म्हणून सांगायचे : अमेरिकेतून भारतात आलेला पहिला थंडावा बाटलीतून आला नव्हता. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठविला. पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. गोऱ्या साहेबांच्या पेल्यात अमेरिकेचे तळे विरघळू लागले. ज्या गोदी-कामगारांनी ते ओझे उतरविले, त्यांच्या वाट्याला त्यातले टपकणारे पाणी तेवढे आले असेल.

ज्याला आज जग अमेरिकन अन्न म्हणून ओळखते ते मात्र या मजुरांच्या अन्नातून निर्माण झालेले नाही. ते त्याच्या जागी बसविण्यात आले. १८८६ साली अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन या औषधविक्याने एक पाक तयार केला आणि तो सोड्यात मिसळून पाच सेंटला पेला या दराने विकला जाऊ लागला. शहरात त्या वेळी दारूबंदीचे वारे होते, म्हणून ते दारूला पर्याय असलेले सभ्य पेय म्हणून खपविले गेले. दारूबंदी आणि बाटली यांची संगत अशी जुनी आहे. दुसरी घटना कॅलिफोर्नियातली. तिथल्या उबदार हवेत लोक मोटारीत बसूनच खात. सॅन बर्नार्डिनो गावी अशा मोटारवाल्यांसाठी खानावळ चालविणाऱ्या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली तिचा कायापालट केला. पदार्थ मोजकेच ठेवले, ताटे-चमचे बाद केले आणि स्वयंपाकाचे कारखान्यातल्या पट्ट्याप्रमाणे तुकडे पाडले. एकाने फक्त तळायचे, एकाने फक्त गुंडाळायचे. त्यामुळे स्वयंपाक येणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही. कौशल्य गेले की मजुरी पडते, हा गिरणीतला जुना नियम स्वयंपाकघरात लागू झाला. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दुकानांतील कामगारांनी संप केला आणि ताशी पंधरा डॉलर मागितले. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांतील या कामगारांना कायद्याने ताशी वीस डॉलर किमान वेतन लागू झाले. जिथे हे अन्न जन्मले, तिथेच ते बनविणाऱ्यांना त्याच्याविरुद्ध लढावे लागले, ही गोष्ट तिकडच्या थाटामाटाला भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

भारतात सीलबंद अमेरिका आली तिचा पहिला चेहरा दयेचा होता. १९५४ च्या पी.एल. ४८० कायद्याखाली गव्हाची जहाजे आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत तांबडी मिलो ज्वारी पोहोचली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो. ज्यांनी ती खाल्ली त्यांना तिची चव आजही विसरता आलेली नाही, आणि ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. तरीही तिने जीव वाचविले हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

दुसरा चेहरा बाटलीचा. येथे समाजवादी चळवळीनेही थोडे आत्मपरीक्षण करावे असे आहे. १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे कोका-कोला कंपनीला भारतीय भागीदारी वाढविण्यास सांगण्यात आले. कंपनीने ते नाकारले आणि देश सोडला. ज्या खेड्यात पिण्याचे धड पाणी नाही तिथे हे पेय कशाला, हा त्या वेळचा सवाल आजही बिनतोड आहे. पण त्या सवालाचे उत्तर काय दिले गेले? म्हैसूरच्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेत नवा पाक तयार झाला आणि सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ नावाची बाटली बाजारात आणली. बाटलीच्या जागी बाटली. पाण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. सरकारी बाटली टिकली नाही, खाजगी देशी बाटल्या तगल्या. १९९३ साली कोका-कोला परत आली आणि तिने त्यांतली सर्वांत खपाची थम्स अप विकत घेऊन टाकली. आंबिलीच्या गाडग्याला त्या सोळा वर्षांत कुणी विचारले नाही, शत्रूंनी नाही आणि मित्रांनीही नाही. पुढे केरळात प्लाचिमाडाच्या आदिवासींनी विहिरी आटल्या म्हणून बाटलीच्या कारखान्यासमोर ठाण मांडले आणि २००४ साली तो बंद पाडला, तेव्हा बाटली आणि पाणी यांचा संबंध पुन्हा एकदा देशापुढे आला.

खेड्यातल्या पोरांनी मात्र बहुराष्ट्रीय कंपनीची मोठी गंमत केली आहे. प्लास्टिकच्या नळीत गोठवलेल्या रंगीत साखरपाण्याला महाराष्ट्रभर पोरे ‘पेप्सी’ म्हणतात. ती पेप्सी कुठल्याशा गल्लीत, कुणाच्या तरी घरच्या शीतपेटीत तयार होते. नाव अमेरिकेचे, पाणी कुठले ते देव जाणे.

ही गंमत नंदुरबारमध्ये फार वेळ टिकत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के आदिवासी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. अशा बालकाच्या हातात पाच रुपयांची खारट पुडी आली, की भूक मरते आणि अंगाला काही लागत नाही. आईने ते पाच रुपये का दिले, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. ती दिवसभर मजुरीला गेली होती, आणि पाच रुपयांत दुसरे काय मिळत होते, हे विचारणारे थोडे भेटतात. २०१५ पासून आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद झाली. योजना चांगली आहे. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या मागे ती गुजरातेत जात नाही.

शिवाय जमीन, नदी आणि रान यांच्यापासून तुटलेल्यांचा प्रश्न आहेच. सरदार सरोवराखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे आली. नर्मदेच्या काठी उन्हाळा म्हणजे मासळी, मोह, चारोळी आणि आंबे. पुनर्वसनाच्या सपाट वसाहतीत यांतले बहुतेक मागे राहिले आणि जे पूर्वी वेचून आणले जाई ते दुकानातून आणणे भाग पडले. नुकसानभरपाईच्या हिशेबात जमिनीचे हेक्टर मोजले गेले. झाडाखालच्या फुलांचा स्तंभ त्या तक्त्यात नव्हता. धडगावच्या डोंगरात अजून कैऱ्या सोलून, चिरून, खडकांवर वाळवून आमचूर करतात, उन्हाची ती एवढीच कमाई. तो आमचूर व्यापाऱ्याकडे जातो आणि कदाचित कुठल्या तरी पुडीतल्या मसाल्यात आंबटपणा होऊन पाच रुपयांना पुन्हा डोंगर चढतो.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांत ज्वारी-बाजरीच्या बिस्किटांचे महागडे डबे दिसू लागले. सातपुड्यात पिढ्यान् पिढ्या मोर, बंटी आणि भादी पेरणाऱ्यांना त्या वर्षाची वार्ता कळली असेल तर ती बहुधा रेशनच्या दुकानाबाहेर तांदूळ-गव्हाच्या रांगेत. त्यांचे धान्य विकत घेऊन त्यांच्याच अंगणवाडीत शिजवावे, सालदाराच्या आणि तोडमजुराच्या करारात दुपारच्या सुट्टीचे तास, सावली आणि पिण्याचे पाणी लिहून घ्यावे, फडावर सामाईक चूल आणि स्वयंपाकाचा पगारी माणूस असावा, या मागण्या काही आभाळातून चंद्र आणण्याच्या नाहीत. आखाजीला सौदा तोंडी ठरतोच. तो कागदावर ठरला तर त्यात या चार ओळी मावतात.

सुरतेकडून येणारी गाडी नवापूरला थांबते. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटाच्या एका टोकाला दारूवर बंदी, दुसऱ्या टोकाला नाही. हंगाम संपवून परतणारी कुटुंबे मे महिन्यात इथे उतरतात : डोक्यावर भांड्यांचे गाठोडे, कोयते पोत्यात गुंडाळलेले. हिशेब होऊन हातात आलेल्या नोटांपैकी पहिली नोट पुष्कळदा फलाटावरच मोडते, पोरांच्या हातात लाल-हिरव्या नळ्या येतात. बाई स्वतः नळाशी जाऊन ओंजळीने पाणी पिते, उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडते, आणि डोंगराकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी करते.